चिंता आली की टाका

या, जरा जवळ सरका. दारात थांबू नका, तिथं शब्द वाऱ्यावर जातात. एका टाक्याची गोष्ट सांगायची आहे. ऐकताना राग येईल. येऊ द्या, सांगतानाही तो येतोच. शेवटी मला तुमच्याकडे एक मागायचं आहे, तेवढं ऐकल्याशिवाय मात्र उठू नका.

धान्याच्या एका मोठ्या गोदामाच्या मागच्या भिंतीला टेकून एक खोली होती. त्या खोलीत तीन माणसं राहायची: सासू, सून आणि सुनेचा नवरा. सासूनं वयाच्या नवव्या वर्षापासून गोण्यांची तोंडं शिवली. डोळे अधू झाले, कान गेले, तेव्हा दाभण सुनेच्या हातात आलं. गोदामातले हमाल सासूला थोरली सुई म्हणायचे आणि सुनेला धाकटी सुई. नवरा तिथंच पाठीवर गोण्या वाहायचा. दोन सुयांच्या मधला, म्हणून त्याचं नाव पडलं दोरा. "काय दोरा, आज कुठल्या सुईत ओवलाय?" असं कुणी विचारलं की तो हसायचा. सगळंच हसण्यावारी न्यायची त्याला सवय होती.

खोली कामाबरोबर मिळालेली. घरात कुणाच्या तरी हातात दाभण असेल तोवर डोक्यावर छप्पर.

धाकटीचं काम दिसायला सोपं होतं. गोणीचं तोंड दोनदा दुमडायचं. गोणी गुडघ्यानं दाबून धरायची. दाभण आत, बाहेर, ओढ. आत, बाहेर, ओढ. दोन्ही कोपऱ्यांना मुठीएवढे कान सोडायचे, म्हणजे हमालाला धरायला जागा होते. शेवटच्या कानाला गाठ मारायची आणि दाभणाच्या धारेनं सुतळी कापायची. दिवसभर हेच करायचं. तिच्या उजव्या तर्जनीवर सुतळीनं घळ पाडली होती. सुगीच्या दिवसांत त्या घळीतून रक्त यायचं, मग ती तिच्यात मेण भरायची आणि पुढची गोणी ओढायची.

आता थोरलीच्या टाक्यांचं सांगतो.

त्या गावातल्या प्रार्थनामंदिरात अधूनमधून पेटीवाले मास्तर यायचे. गाऊन उपदेश करायचे. अर्धं बोलायचे, अर्धं गायचे. बोलणं कुठं संपलं आणि गाणं कुठं सुरू झालं हे ऐकणाऱ्याला कळायचं नाही. असा उपदेश ज्यानं ऐकला नाही त्याची मला कीव येते. या गोष्टीच्या अकरा वर्षं आधी मास्तरांनी एक पद आणलं:

चिंता आली की टाका,
बाबांनो, टाका,
प्रभूच्या पायी टाका.

मास्तर पहिली ओळ उंच सुरात दहा-दहा वेळा घोळवायचे, आणि 'प्रभूच्या पायी' आलं की आवाज अगदी खाली, गुडघ्यावर बसल्यासारखा. थोरली शेवटच्या बाकावर बसलेली. तिच्या कानापर्यंत उंच ओळ तेवढी पोचली. चिंता आली की टाका. आयुष्यभर दाभण धरलेल्या बाईला 'टाका' म्हणजे दुसरं काय असणार?

घरी आली. गोणपाटाचा एक तुकडा घेतला, सुतळी ओवली, एक टाका घातला आणि म्हणाली, "हा घे, देवा." लेकाच्या लग्नाची चिंता होती ती. त्या दिवसापासून चिंता आली की एक टाका. चुलीला जळण नाही, टाका. गुडघा सुजला, टाका. सुनेचं मूल पोटातच गेलं तेव्हा एका जागी सात टाके. टाका घातला की ती तो विषय खरोखर सोडून द्यायची आणि शांत झोपायची.

धाकटीला ही चूक घरात आल्यावर पहिल्या वर्षीच कळली होती. तिला हसू आलं, पण ती काही बोलली नाही. म्हातारीला झोप लागते, मग कशाला? उलट सुतळीची उरलेली टोकं ती संध्याकाळी सासूला आणून द्यायची.

मग, मी सांगतोय त्या वर्षी, पावसाळ्यात गोदामाच्या कोपऱ्यातला पत्रा उडाला. पुढं सुगी आली, सुतळीचे नवे गुंडे बाहेर निघाले, आणि त्यांना कुबट वास येऊ लागला. धाकटीनं गुंडा नाकाला लावून बघितला. ती मुकादमाकडे गेली.

मुकादम म्हणजे गोदामाचा सगळा कारभार बघणारा माणूस. प्रार्थनामंदिराच्या मंडळीचा पंचही तोच. रविवारी शास्त्रवाचन त्याच्याकडेच असायचं. आवाज चांगला, उच्चार स्वच्छ.

"साहेब, सुतळीला वास येतोय."

"तुला शिवायला ठेवलंय की वास घ्यायला?"

"ओढली की कुरकुरते."

"मग हळू ओढ. तुझी सासू चाळीस वर्षं शिवत होती, तिला कधी वास आला नाही."

ती परत जागेवर बसली. हळू ओढ म्हणे. दिवसाला दीडशे गोण्या आणि हळू ओढ.

सोमवारी दुपारी मोठी गाडी भरायला लागली. हमालांची रांग लागली: थप्पीपासून फळीपर्यंत, फळीवरून गाडीत. तिसऱ्या गोणीचा कान हमालाच्या हातात आला आणि गोणी खालीच राहिली. सगळे हसले. सहावी फळीवर उसवली. हसणं थांबलं. नववी दोराच्या पाठीवर होती. तो फळीच्या मधोमध असताना गोणीचं तोंड सर्रकन उघडलं, अख्खं धान्य त्याच्या मानेवरून, सदऱ्याच्या आतून खाली वाहिलं, आणि त्याचा पाय त्या दाण्यांवरून घसरला. तो उजव्या खांद्यावर पडला. हाडाचा आवाज धाकटीला तिच्या जागेवर ऐकू आला.

ती धावली. मुकादमही धावला. त्यानं आधी गोणी उचलली.

"बघा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बघा ह्या बाईचे टाके. कच्चे. सगळे कच्चे."

"साहेब, त्यांना उठवू द्या आधी."

"उठेल तो. त्याला काय झालंय? माल मातीत गेलाय तो बघ."

दोन हमालांनी दोराला भिंतीशी नेऊन बसवलं. त्याचा हात त्याच्याच मांडीवर परक्याचा असल्यासारखा पडला होता.

"टाके कच्चे नाहीत," धाकटी म्हणाली. "सुतळी कुजकी आहे. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"मला? कधी? कोण होतं तेव्हा?"

कुणीच नव्हतं. मुकादम शांतपणे तिच्याजवळ आला आणि तिच्या हातातलं दाभण काढून घेतलं. हिसकावलं नाही. लहान मुलाच्या हातून सुरी घेतात तसं घेतलं. मग म्हणाला, "आता हे सगळं वेच. दाणा न् दाणा."

ती गुडघ्यांवर बसली. गाडीच्या चाकाखालचं, हमालांच्या पायांखालचं, तेलाच्या डागातलं धान्य तिनं सुपात भरलं. हमाल तिला ओलांडून जात होते. एकानं हळूच विचारलं, "वहिनी, हात लावू का?" तर मुकादम म्हणाला, "तिचं तिला करू दे." दिवस कलेपर्यंत ती वेचत होती. बोटातली घळ मातीनं भरून गेली.

ती उठली तेव्हा मुकादम तिच्याजवळ आला. आता आवाजात मध होता.

"हे बघ, शनिवारी मालक येणार आहेत. त्यांना मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. शिवायचं यंत्र घेऊन एक माणूस यायला तयार आहे, त्याला राहायला जागा लागेल. शनिवारपर्यंत खोली मोकळी करा. आणि फार मनाला लावून घेऊ नकोस. देवावर टाक."

त्या दोन शब्दांनी तिच्या कानशिलात जी आग लागली, ती पुढं पाच दिवस विझली नाही.

घरी हाडवैद्यानं दोराचा हात बांधून गळ्यात अडकवला होता. थोरली त्याच्या उशाशी बसून विचारत होती, "कशानं पडला? कशानं?" तिला कुणी उत्तर देत नव्हतं, कारण उत्तर ओरडून द्यावं लागणार होतं आणि भिंतीपलीकडे गोदाम होतं.

"मालक आले की तुम्ही सांगा त्यांना," धाकटी नवऱ्याला म्हणाली. "सुतळीचं सांगा."

"मी काय सांगू? मी शिवतो का?"

"तुमच्या पाठीवर फाटली ना गोणी?"

"गप्प बस जरा. हात बरा झाला की मला तिथंच जायचंय. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं का?"

"खोली गेल्यावर कुठल्या पाण्यात राहणार आहात?"

तो भिंतीकडे वळला. दुखऱ्या खांद्यावर वळला, कळवळला, पण तसाच राहिला.

थोरलीला सगळं ऐकू आलं नव्हतं, पण तोंडं दिसत होती. तिनं उशाखालून गोणपाट आणि आपलं जुनं दाभण काढलं, चाचपून सुतळी ओवली. "हा घे, दे..."

"पुरे झालं." धाकटीनं तिचा हात धरला. "आई, पुरे. टाके घालून काय होतंय? ते गाणं तसं नाही."

"काय?"

धाकटी तिच्या कानाशी वाकली आणि ओरडली. भिंतीपलीकडे ऐकू गेलं तर जाऊ दे. "गाण्यातला टाका म्हणजे शिवायचा टाका नाही. टाकून द्या, फेका, असं आहे ते. चिंता देवाच्या पायी टाका. अकरा वर्षं तुम्ही चुकीचं करताय."

म्हातारीनं ओठ हलवून बघितले, बिनसुराचं: चिंता आली की टाका. पुन्हा एकदा. चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरलं.

"फेका," ती म्हणाली. "असं आहे होय." आणि थोड्या वेळानं, "मग इतकी वर्षं मी काय केलं गं?"

तिनं दाभणातली सुतळी काढली, तिची नीट गुंडी केली आणि गोणपाट घडी घालून खाटेखाली सारला. त्या रात्री ती झोपली नाही. पुढच्या रात्रीही नाही. धाकटीला कळत होतं आपण काय केलं ते, आणि कळत होतं म्हणून तिचा राग आणखी चढत होता. मुकादमावर, नवऱ्यावर, स्वतःवर, आणि ज्याच्यावर सगळं टाकायला सांगतात त्याच्यावर.

भांडी घासताना ती देवाशी बोलायची. मी सांगतो ती प्रार्थनाच होती, कुणी काही म्हणो. "तुला दिसत होतं ना? तू तिथंच होतास ना? का तूही मुकादमासारखं म्हणणार, कोण होतं तेव्हा?"

बुधवारी ती काटेवाल्याकडे गेली. गोण्या तोलायच्या काट्यावर तो सुगीभर बसायचा, त्याच्यासमोरून सगळं जायचं.

"भाऊजी, सुतळी भिजली होती हे तुम्हाला ठाऊक असेल."

"मी काटा बघतो," तो म्हणाला. "काट्यावर सुतळी चढत नाही."

"माझा संसार चढलाय."

"वहिनी, तोंड आहे तुमचं. ह्या तोंडानं दोन वेळा माफी मागितली असती तर खोली राहिली असती."

गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनामंदिरात मास्तर आले. थोरली आली नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. धाकटी आली. ती देवाचं ऐकायला आली नव्हती, त्याला ऐकवायला आली होती. पुढच्या बाकावर मुकादम बसला होता. आधी त्यानंच वाचन केलं. तो उतारा आकाशातल्या पाखरांचा, जी पेरत नाहीत आणि कोठारात साठवत नाहीत. कोठाराच्या मुकादमानं तो वाचला, एकही शब्द न अडखळता.

मग मास्तरांनी पेटीचा भाता हलवला आणि नेमकं तेच पद घेतलं. चिंता आली की टाका. लोक ताल धरू लागले. तिसऱ्यांदा ओळ वर गेली तेव्हा धाकटी उभी राहिली.

"मास्तर, एक विचारायचंय."

पेटी थांबली.

"देवावर टाक, असं मला सोमवारी एकानं सांगितलं. माझ्या हातातलं दाभण घेऊन सांगितलं. माझं घर काढून घेऊन सांगितलं. तर मला कळत नाही. देवावर टाक म्हणजे मुकादमाला विचारू नको, असंच ना?"

कुणी खोकलं. मुकादमानं मागं वळून पाहिलं नाही. "घरची भांडणं इथं नकोत," तो म्हणाला.

मास्तरांनी चष्मा काढला. "बाई, तुझ्या ह्या प्रश्नाला माझ्याकडे चाल नाही," ते म्हणाले. "पण एवढं कळतं, की देव काही अडगळीची खोली नाही, जिथं दुसऱ्यानं आपली लबाडी नेऊन टाकावी."

"तुमच्या गाण्यानं माझ्या सासूला वेड लावलं." ती थांबणार नव्हती. "तिला वाटलं, चिंता आली की गोणपाटावर टाका घालायचा. अकरा वर्षं घालत होती. सोमवारी मी तिला खरं सांगितलं. तेव्हापासून तिला झोप नाही."

लोक हसले. वाईट मनानं नाही; गोष्टच तशी होती. पण ते हसू धाकटीला दाभणासारखं टोचलं, कारण ते तिनंच काढून दिलं होतं.

मास्तर हसले नाहीत. "तो गोणपाट आहे अजून?" त्यांनी विचारलं. "मला बघायला मिळेल?"

शुक्रवारी सकाळी ते खोलीवर आले. खोलीत गाठोडी बांधून ठेवली होती. दोरा खाटेवर होता. थोरली कपाळावर हात धरून म्हणाली, "काय दाखवू मास्तर? चुकलंय ते."

मास्तर तिच्या कानाशी गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "माझंही खूप चुकतं. दाखवा."

गोणपाट बाहेर आला. हातभर रुंद, दोन्ही हात पसरावेत तेवढा लांब. त्यावर टाक्यांच्या रांगाच रांगा, शेतात पेर पडावी तशा. थोरलीचं बोट फिरू लागलं. "हा ह्याच्या लग्नाचा. हे सात, ते सुनेचं मूल गेलं त्याचे. हा गुडघ्याचा. हा माझ्या कानांचा." मास्तर प्रत्येक टाक्याला मान हलवत होते. बोट खालच्या कडेला आलं आणि थांबलं.

"हे ह्या सुगीतले. हे टिकत नाहीत."

"टिकत नाहीत म्हणजे?"

"तुटतात. बोट लावलं की तुटतात. मी परत घालायचे, परत तुटायचे." तिनं मान खाली घातली. "मी कुणाला बोलले नाही. मला वाटलं, ह्या चिंता देव घेत नाही. माझ्याकडे परत पाठवतो. काही पाप झालं असेल. आता कळलं, सगळंच चुकलं होतं."

धाकटी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं तांब्या खाली ठेवला.

"आई, हलवा हात."

ती गुडघ्यांवर बसली. वरच्या रांगेतला एक टाका नखानं उचलला आणि ओढला. गोणपाट वर आला, टाका तसाच. मधल्या रांगेतला ओढला. टाका तसाच. खालच्या कडेचा ओढला. तो बोटात आला, भुसा होऊन. दुसरा, तिसरा. लग्नाआधीचे थोडे सोडले तर सगळे तिनंच आणून दिलेल्या टोकांचे. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी आणून दिलेल्या. हात एकच, गाठ एकच. तुटले ते फक्त ह्याच सुगीचे.

तिनं तो भुसा नाकाशी नेला. तोच कुबट वास.

"देवानं परत पाठवलं नाही, आई," ती सासूच्या कानात म्हणाली. ओरडायला गेली आणि आवाज फुटला. "सुतळी कुजकी आहे."

खाटेवर दोरानं डोळे मिटून घेतले.

शनिवारी मालक आला. बुटका, घाईतला माणूस, हातात किल्ल्यांचा जुडगा. मुकादम त्याला फाटलेल्या गोण्या दाखवत होता. धाकटी अंगणातून सरळ चालत आली आणि काट्याशेजारच्या मेजावर तिनं गोणपाट पसरला. हमालांची रांग थांबली. थोरली तिच्या खांद्याला धरून मागं उभी होती.

"हे काय?" मालक म्हणाला.

"माझ्या सासूचे टाके आहेत. अकरा वर्षांचे. सुतळी इथलीच; खालची कड ह्या सुगीची. ओढून बघा."

"साहेब, म्हातारीला भ्रम झालाय," मुकादम म्हणाला. "दर संकटाला टाका घालते. मंडळीत परवा हसले सगळे."

"मी टाके बघतोय, संकटं नाही," मालक म्हणाला. त्यानं वरून एक ओढला. किल्लीचं टोक घालून ओढला. तुटला नाही. मधून ओढला, तुटला नाही. खालून ओढला, आणि त्याच्या किल्लीला भुसा लागला. त्यानं आणखी चार ओढले. प्रत्येक वेळी थोरलीचा हात सुनेच्या खांद्यावर घट्ट व्हायचा. त्या टाक्यांत तिच्या काळजीची माणसं होती, ती भर अंगणात उसवली जात होती.

"सुतळी भिजली होती?" मालकानं विचारलं.

"नाही साहेब," मुकादम म्हणाला. "कोरडी ठणठणीत. हमालांना विचारा."

मालकानं रांगेकडे पाहिलं. हमाल आपल्या पायांकडे बघू लागले. काटेवाला काट्याकडे बघत होता.

"भिजली होती," कुणीतरी म्हणालं.

दोरा होता. गळ्यात हात अडकवलेला, दाराच्या चौकटीला टेकून. "पत्रा उडाला तेव्हा भिजली. मीच ते गुंडे मागच्या कुंपणावर वाळत घातले. तीन दिवस. मुकादमांनी सांगितलं, बोलू नकोस. नाही बोललो."

धाकटी नवऱ्याकडे वळली. सुगीभर ती त्या वासाचे हात घेऊन त्याच्या शेजारी झोपली होती. बोट फाटलं की तो मेण आणून द्यायचा. सोमवारी ती चाकाखालचे दाणे वेचत होती, तेव्हा भिंतीशी बसून तो बघत होता आणि त्याला ठाऊक होतं.

"म्हणजे सुतळी एकटीच कुजकी नव्हती," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. दोराला हसण्यावारी नेता आलं नाही.

मालकानं घड्याळ पाहिलं. नवे गुंडे आणा म्हणाला. बाई कामावर राहील म्हणाला. मुकादमाला म्हणाला, "पुढं लक्ष ठेवत जा." झालं. एवढंच. गाडीत बसून तो निघून गेला.

तुम्ही म्हणाल, मुकादमाचं काय झालं? काही नाही झालं. माफीचा शब्द निघाला नाही. दाभण त्यानं मेजावर ठेवलं, तिच्या हातात दिलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, शास्त्रवाचन त्यानंच केलं. स्वच्छ उच्चार. मी तिथं बसलो होतो. माझा राग अजून पेटलेला आहे, आणि देवासमोर तो मी लपवत नाही.

पण खोलीतलं राहिलं सांगायचं.

शनिवारी संध्याकाळी धाकटीनं गाठोडी सोडली. नवऱ्याला जेवण वाढलं, पण त्याच्याशी बोलली नाही. त्यानं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा म्हणाला, "मी भ्यालो गं."

"मीही भ्याले होते," ती म्हणाली. "तरी गेले."

मग ती सासूजवळ येऊन बसली. सासूच्या मांडीवर गोणपाट होता, खालची कड पार उसवलेली.

"आई, मी तुम्हाला तसं सांगायला नको होतं. रागात बोलले."

"खरं तेच सांगितलंस." थोरली नव्या गुंड्यातून सुतळी काढत होती. वास घेऊन बघत होती. "पण मी विचार केला. फेका म्हणे. मला फेकता येत नाही, बाई. जन्मात कधी काही फेकलं नाही मी. मला शिवता येतं. तो काय एवढा अडाणी आहे, की टाका ओळखणार नाही?"

धाकटीनं गोणपाटाची उसवलेली कड बोटांनी सरळ केली.

"शनिवार गेला," म्हातारी म्हणाली. "चिंता गेली ना?"

"चिंता गेली, आई. राग नाही गेला." तिनं नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं, मग भिंतीकडे, जिच्यापलीकडे गोदाम होतं. "रागाला टाका असतो का?"

अकरा वर्षांत हा प्रश्न थोरलीला पडला नव्हता. मग तिनं दाभण सुनेच्या हातात दिलं, हातातच दिलं, आणि म्हणाली, "असतो की. फक्त दुहेरी सुतळी घे."

धाकटीनं दुहेरी ओवली. तर्जनीतल्या घळीत सुतळी बसली. दाभण आत, बाहेर, ओढ. हळू नाही, तिच्या नेहमीच्या जोरानं. टाका धरला. "हा घे," ती म्हणाली, दात आवळून. त्याचं नाव घ्यायला तिला जरा वेळ लागला, पण घेतलं. मग दुसरा टाका. बरेच लागले. थोरली शेजारीच बसल्या बसल्या झोपली, सोमवारनंतर पहिल्यांदा, तोंड उघडं टाकून, घोरत.

थोरली सुई आता नाही. तिला मातीत ठेवलं तेव्हा सुनेनं तो गोणपाट तिच्यावर पांघरला. मास्तर आता थकलेत, पण ते पद गातात अजून; आणि पहिल्या ओळीनंतर, 'टाका' म्हटल्यावर, एका दमाएवढं थांबतात. नवख्या लोकांना वाटतं म्हाताऱ्याचा श्वास पुरला नाही.

माझं मागणं एवढंच. ती ओळ तुमच्या कानी कधी आली, आणि गाणारा तिथं थांबला, तर त्या रिकाम्या जागेत शेवटच्या बाकावरच्या त्या बहिऱ्या बाईची आठवण ठेवा.